आप्पांना पसंत पडेल असा फोटो

आमच्या नाक्यावर कुणाच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागला की लोक आधी नाव वाचतात आणि मग चुकचुकतात. आप्पा चुरी आधी फोटो बघतात. चष्मा कपाळावर सरकवून, हात मागे बांधून बॅनरच्या अगदी जवळ जातात आणि निकाल देतात, "फोटो चुकला."

गेलेलं माणूस कुणीही असो, फोटो चुकलेलाच असतो. आणि खरं सांगायचं तर तो चुकलेलाच असतो. माणूस सकाळी गेला की दुपारपर्यंत बॅनर लागायला हवा, नाहीतर भावकीत नाक कापलं जातं. त्या घाईत हाताला लागेल तो फोटो छापायला जातो. एक आजोबा नातवाच्या हळदीतल्या फोटोत, दोन्ही गाल पिवळे करून, दहा दिवस नाक्यावर हसत उभे होते. त्याच खांबावर कुणा पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. कोण गेलंय आणि वाढदिवस कुणाचा आहे, हे रिक्षावाल्यांनाही कळेना.

आप्पा नुसता निकाल देऊन थांबले असते तरी चाललं असतं. ते दहाव्याला त्या घरी जातात आणि रडवेल्या मुलाला समजावतात, "मानूस गेला तो गेला, पन जाताना धड तरी दिसू दे त्याला. आयुष्यभरात बघितला नसंल इतकी लोकं एका दिवसात बघतात." एका मुलाने त्यांना चक्क अंगणातून हाकललं होतं. आप्पांना त्याचं काही नाही. "दुःखात आहे बिचारा," म्हणाले आणि पुढच्या बॅनरकडे वळले.

मी मूळची साताऱ्याकडची, सोपाऱ्याजवळच्या या गावात शाळेत शिकवते. आप्पांची केळीची वाडी होती तिथे आता आमची इमारत आहे. तिच्यामागे उरलेल्या तुकड्यात आप्पा आणि हिराकाकींचं कौलारू घर. मूलबाळ नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अंगण दिसतं, त्यामुळे त्यांच्या घरातलं भांडण मला आमच्या घरातल्याच्या आधी कळतं.

गेल्या वर्षी काकींच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं, पुन्हा शिवलं आणि घरी न्या म्हणाले. काकींनी कुणाला काही विचारलं नाही. घरी आल्यावर खाटेवर टेकल्या आणि माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "माझा आधारकार्डावरचा नका लावू हां. त्यात मी चोरीत सापडल्यासारखी दिसते."

गंमत म्हणजे दुसरा फोटोच नव्हता. उभ्या गावाच्या फोटोंना नावं ठेवणाऱ्या या माणसाने बायकोचा एक फोटो काढला नव्हता. लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्यांच्या मागे कोण आहे ते ओळखू येत नाही. बाकी सगळ्या कार्यांत काकी मागे, चुलीपाशी.

काकींचा चेहरा दिवसागणिक उतरत होता. तो पुरता उतरायच्या आत फोटो व्हायला हवा होता. स्टुडिओ आप्पांना नामंजूर. "पाठी पडदा लावून का फोटो होतो? मोकळ्या हवेतला पायजे. बाई आयुष्यभर उन्हात राहिली." त्यांनी कुणाचा तरी जुना कॅमेरा विकत घेतला, दिवाळीची सुट्टी बघून मला गाडीत घातलं, काकींना पुढच्या सीटवर उशा लावून बसवलं आणि स्वतः चाक हातात घेऊन जव्हारच्या दिशेने निघाले. काकी त्या गाडीत पुढे पहिल्यांदाच बसल्या होत्या. आजवर पुढच्या सीटवर केळीचे घड असायचे.

माझ्याकडे परात होती. घासून लखलखीत केलेली स्टीलची मोठी परात. तिच्यावर ऊन घेऊन ते काकींच्या तोंडावर पाडायचं, हे माझं काम. बीएड करून मी या कामाला लागले.

मनोर गेलं आणि आप्पांचं थांबणं सुरू झालं. ऊन बरं दिसलं की हे गाडी कडेला घेणार, मागून ट्रकवाला शिव्या देत जाणार. विक्रमगडच्या अलीकडे कापणीला आलेला भात होता. काकींना बांधावर उभं केलं, मी परात धरली, आप्पांनी एक गुडघा टेकून फोटो काढला, कॅमेऱ्यात बघितलं आणि मान हलवली. "नाही आला." पुढे तळं लागलं. "नाही आला, डोळे मिटले." मग घाटातलं वळण. "मान वाकडी." जव्हारला मुक्काम केला, सकाळी पुन्हा दरीच्या कठड्यापाशी उभे. तिथे मध्येच बकरी आली. बकरीलाही आप्पांनी सुनावलं.

मला वाटलं होतं, काकी थकतील. थकतही होत्या. दर वेळी त्यांना काखेत हात घालून उतरवावं लागे आणि चार पावलांवर धाप लागे. पण उतरायचं म्हटलं की पदर सारखा करून तयार! "आमच्या वाडीत आभाळ केळीच्या पानांएवढंच," एकदा म्हणाल्या. "इथं किती उघडं आहे गं, बाय."

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात आम्ही सूर्यमाळला पोचलो. सुकत आलेल्या गवतावर पिवळं ऊन. काकी गवतात उभ्या राहिल्या, माझ्या हातातली परात वाऱ्याने उलटली, मी तिच्यामागे धावले आणि काकी खळखळून हसल्या. त्याच क्षणी आप्पांनी बटण दाबलं. मी परात घेऊन आले ती त्यांच्या खांद्यावरून वाकून बघतच राहिले. काय फोटो होता! आजार कुठे दिसतच नव्हता. आप्पाही बघत राहिले.

"नाही आला," म्हणाले आणि माझ्या डोळ्यांदेखत तो पुसून टाकला.

माझं डोकंच फिरलं. "आप्पा, वेड लागलंय का तुम्हाला? इतका सुंदर फोटो! त्या दुखणाईत बाईला कुठवर फिरवणार आहात?"

आप्पांनी काकींकडे पाठ केली. हळू आवाजात म्हणाले, "चांगला आला म्हंजे काम झालं ना, बाय. ती त्याच्यासाठीच थांबलेय. काम झाल्यावर ती कशाला थांबंल?"

"कालचेही चांगले आले होते?"

"सगले. सगले पुसले."

तिकडून काकींनी विचारलं, "आला का ओ?"

"नाही."

"बरं. मग उद्या बघू," काकी म्हणाल्या आणि आम्ही त्यांना गाडीत बसवायला जाईपर्यंत तशाच डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या.

परतीच्या वाटेवर आप्पा पेट्रोल भरायला उतरले तेव्हा काकींनी मान न वळवता मला सांगितलं, "मला समजतं गं सगळं. चाळीस वर्सांत यांनी मला कुठं नेली नाय. आता थांबवतात तर थांबते जमंल तितकी."

तो उद्या आला नाही. घरी पोचल्यावर काकींनी खाट धरली ती सोडली नाही, आणि पौषात त्या गेल्या. आप्पा अंगणात बसून होते. बॅनरचं कुणी त्यांना विचारलं नाही. पुतण्यांनी परस्पर कपाट उघडलं, आधारकार्ड काढलं आणि दुपारच्या आत काकी नाक्यावर लागल्या. मोठ्या केलेल्या त्या फोटोत डोळे फाटलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाजारातून येता-जाता बघणारे बघत होते. मला त्या पुतण्यांचा राग आला. मग आप्पांचा आला, आणि तो फार वेळ टिकला नाही.

चार दिवसांनी मी शाळेतून येत होते, तेव्हा आप्पा बॅनरखाली उभे होते. वर बघत नव्हते. मला म्हणाले, "बाय, तो गवतातला फोटो... तू बघितलास ना?"

"बघितला, आप्पा."

"डोळे?"

"उघडे होते. हसत होते."

"पदर?"

"वाऱ्याने थोडा उडाला होता. छान दिसत होता."

"आनि मान?"

"सरळ."

शेजारून धुरळा उडवत रिक्षा गेली.

"मंग पुन्यांदा सांग," आप्पा म्हणाले. "सावकाश सांग."