बाकाची भरपाई

गुरुवारच्या बाजारातून कोबीचे अकरा गड्डे घेऊन झेनोव्हिया नगरपालिकेसमोरच्या नव्या बाकावर टेकली, आणि बाक तिच्यासकट जमिनीला टेकलं.

आधी बारीक ‘कट्’ झालं, मग मोठ्ठं ‘कडाड्’. गड्डे उतारावरून चर्चच्या दिशेने गडगडत निघाले आणि झेनोव्हिया फळ्यांखाली उताणी पडली. लागलं काही नव्हतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तीस वर्षं शाळेत स्वयंपाकीण म्हणून काढलेली ती बाई चांगली वजनदार होती, हे खरं. पण आजवर एकाही खुर्चीने तिचा असा भर बाजारात अपमान केला नव्हता.

त्यात हे बाक साधंसुधं नव्हतं. डोक्यावर सूर्यावर वीज बनवणारी पाटी, बाजूला मोबाइल चार्ज करायची सोय. तीनच आठवड्यांपूर्वी नगराध्यक्ष ग्रिगोरे बुझातु यांनी बॅण्ड लावून त्याची फीत कापली होती. आवाज ऐकून ते खिडकीत आले. खाली गर्दी पाहून त्यांना स्फुरण चढलं.

“काय केलंत हे मावशी! जनतेचा पैसा आहे तो, जनतेचा! एकेका पैची भरपाई द्यावी लागेल!”

“देईन हो साहेब,” फळ्यांखालून झेनोव्हिया म्हणाली. तिचा भाऊ पामफिल सुतार होता. असलं बाक त्याने तीनशे लेईच्या खर्चात ठोकून दिलं असतं.

दहा मिनिटांनी लोकांनी तिला ओढून बाहेर काढलं. सोमवारी नोटीस आली. भरपाई, एकतीस हजार चारशे लेई. झेनोव्हियाचं पेन्शन दोन हजार. तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि तडक कचेरी गाठली.

“लुमिनित्सा, पोरी, इथे दोन शून्यं जास्तीची पडलीत बघ.”

“नाही मावशी,” कारकून मुलगी कानकोंडी होऊन म्हणाली. “जेवढ्याला घेतलं तेवढी भरपाई, असा नियमच आहे. बिल जोडलंय मागे.”

झेनोव्हियाने कागद उलटला आणि मोठ्याने वाचायला लागली. “अस्सल ओकचं लाकूड. पोलादी पाय. सत्तर सेंटिमीटर खोल काँक्रीटचा पाया.” ती थांबली. गेले चार दिवस मानगुटीवर बसलेली लाज कुठल्या कुठे पळाली. “अगं, यातलं काहीच नाहीये तिथे!”

“तुम्हांला काय ठाऊक?”

“अख्ख्या गावानं ते बाक वरून बघितलंय. मी खालून बघितलंय! भुसा दाबून केलेल्या फळ्या. पाया म्हणशील तर चार विटा. आणि त्या सूर्याची वायर नुसती लोंबतेय, कशालाच जोडलेली नाही.”

बाकाचं कंत्राट नगराध्यक्षांच्या मेहुण्याकडे होतं हे गावाला माहीत होतं. किंमत तेवढी माहीत नव्हती. ती संध्याकाळपर्यंत शेंबड्या पोरालाही पाठ झाली.

दुसऱ्या दिवशी बुझातुंनी झेनोव्हियाला बोलावून घेतलं. कॉफी मागवली, बरोबर केकही.

“मावशी, कारकुनांचा गाढवपणा झाला. तुमच्या हातचं सूप पिऊन मोठा झालोय मी. भरपाई माफ!”

“माफ करणारा तू कोण?” झेनोव्हियाच्या तोंडचं ‘साहेब’ गळून पडलं. “पैसा जनतेचा ना? तूच ओरडलास खिडकीतून. मी भरणार. सगळे भरणार. पक्की पावती घेणार, म्हणजे बाक माझं झालं, आणि पावती न् बिल घेऊन जिल्ह्याच्या हिशेबतपासनिसाच्या टेबलावर ते मोडकं बाक नेऊन ठेवणार.”

“अहो, पण कशाला भरता?” नगराध्यक्षांच्या कपातली कॉफी बशीत आली. “मी नको म्हणतोय ना!”

“सूप नको म्हणायचास तेव्हाही मी ऐकत नव्हते.”

तिने बेकरीत लोणच्याची रिकामी बरणी ठेवली आणि वर चिठ्ठी डकवली, ‘बाकासाठी’. कुणी दहा लेई टाकले, कुणी पाच. पाद्रीबाबांनी पन्नास टाकले आणि इकडेतिकडे बघत क्रूसाची खूण केली. पहिला हप्ता जमला तशी झेनोव्हिया बरणी घेऊन भरणा खिडकीवर गेली. खिडकी बंद. ‘संगणक बिघडला आहे.’ दुसऱ्या दिवशी ‘जेवणाची सुट्टी’. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनवालाही जेवणाचीच सुट्टी.

मग तिने घरून स्टूल आणलं आणि खिडकीसमोर ठाण मांडलं. “बसायचं माझं मी आणलंय,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “तुमच्या सामानाचा भरवसा नाही.”

दुपारपर्यंत जिन्यापर्यंत स्टुलं लागली. प्रत्येकाला दहा लेई भरून पावती हवी होती. पहारेकरी रडकुंडीला आला. “मावशी, असं इथे बसता येत नाही.”

“आम्ही पैसे द्यायला आलोय रे बाबा. न्यायला येतात त्यांना अडव.”

स्टुलं लागल्याच्या तिसऱ्या सकाळी चौकात मेहुण्याचा ट्रक आला. मेहुणा स्वतः घाम गाळत खड्डा खणत होता आणि नगराध्यक्ष फूटपट्टी धरून उभे होते. अडुसष्ट भरले तेव्हा तेच ओरडले, “अजून दोन!” काँक्रीट पडलं, ओक आलं, पोलाद आलं, सगळं पदरचे पैसे मोडून. मोडकं बाक हलवायला माणसं गेली, तर ते आदल्याच दिवशी पामफिलने नेऊन आपल्या गोठ्यात कुलूपबंद केलं होतं.

झेनोव्हियाला पत्र आलं, ‘बाक सुस्थितीत असल्याने भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.’ तिने बरणीतले पैसे ज्याचे त्याला परत केले.

काँक्रीट सुकल्यावर पुन्हा फीत, पुन्हा बॅण्ड. नगराध्यक्षांनी हसून हात पुढे केला. “या मावशी, मान तुमचा. पहिल्यांदा तुम्हीच बसा.”

“छे, छे. आधी तू बस,” झेनोव्हिया म्हणाली. “आणि मेहुण्याला मांडीवर घे.”

गर्दीत हशा पिकला. दोघांपुढे इलाज नव्हता. नगराध्यक्ष श्वास रोखून बसले, मेहुणा डोळे मिटून त्यांच्या मांडीवर बसला. फोटोवाला म्हणाला, “हसा, साहेब!” बाक तसूभरही हललं नाही.

झेनोव्हियाने वाकून चारी पाय ठोकून पाहिले.

“टिकलं की!” ती म्हणाली. “म्हणजे येतं तर तुला, ग्रिगोरे.”

बुझातुंनी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला.

“हे काय मावशी?”

“अर्ज. शाळेच्या नव्या छपराचं बिल बघायचंय मला. पामफिल शिडी लावून वर चढलाय, खाली उतरायच्या आत दे.”