खैरनार काका परिचय करून देतात

कुणाच्याही खांद्यावर शाल पडण्याआधी त्या माणसाचा परिचय झालाच पाहिजे, यावर खैरनार काकांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी त्र्यंबकच्या महादेवावरही नसावी. आणि परिचय म्हणजे नाव, हुद्दा, शिक्षण असा तीन ओळींचा नव्हे. काकांचा परिचय माणसाच्या आजोळापासून सुरू होतो. "थोडक्यात सांगायचं तर" म्हणत ते माइकसमोर उभे राहिले की आमच्या हॉस्पिटलातले जुने लोक खुर्चीत सैलावून बसतात. नवे लोक घड्याळ बघतात.

काका आमच्या रेकॉर्ड रूमचे प्रमुख. प्रमुखही तेच आणि शिपाईही तेच, कारण तिथे दुसरं कुणी नाहीच. गंगापूर रोडवरच्या या हॉस्पिटलच्या तळघरात, जुन्या केसपेपरांच्या गठ्ठ्यांत, त्यांनी अख्खी नोकरी काढली. मूळचे सटाण्याकडचे. एरवी अगदी पुस्तकी बोलतात, पण चिडले की थेट अहिराणीवर उतरतात आणि "हाई काय शे?" असं विचारतात.

दरवर्षी वर्धापनदिनाला आमच्याकडे चांगलं काम करणाऱ्यांचा आणि खेड्यापाड्यांतल्या शिबिरांना जाणाऱ्यांचा सत्कार होतो. त्याच्या दोन महिने आधीपासून काका काखेत वही मारून मजल्यामजल्यावर हिंडू लागतात. मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हा एक दिवस ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "वैशालीताई, तुमच्याबद्दल चांगलं काय सांगता येईल?"

आता असं कुणी तोंडावर विचारलं तर माणसानं काय सांगायचं? मी म्हटलं, "बीएस्सी, डीएमएलटी."

"ते सर्टिफिकेटावर आहे. तुमच्यात काय आहे?"

मला रागच आला. म्हटलं, "काही नाही हो काका. मी रक्त काढते आणि घरी जाते."

काकांनी वही मिटली आणि माझ्या पाठीमागे चौकशी सुरू केली. लहान मुलाला सुई टोचण्याआधी मीच मोठ्यानं "आई गं" म्हणते, पोर बावचळून माझ्याकडे बघतं आणि तेवढ्यात काम होऊन जातं, ही बातमी त्यांनी कुणा पोराच्या आजोबांकडून मिळवली. मी असं करते हे मलाच माहीत नव्हतं. तो परिचय त्यांनी स्टेजवर वाचला त्या दिवसाचं पुढे सांगते.

काकांचे सगळेच परिचय असे पोटातलं काढणारे. आमच्या हाडांच्या डॉक्टरांचा सत्कार होता तेव्हा काकांनी भर मांडवात सांगितलं की, लहानपणी डॉक्टर दिंडोरीत पेरूच्या झाडावरून पडले, हाड बसवणाऱ्यानं हात वाकडा बसवला, आणि तो अजून वाकडाच आहे. समोर डॉक्टरांचे पेशंट बसलेले. डॉक्टर लाल झाले. पुढचं वाक्य होतं, "म्हणून ते दुसऱ्याचा हात वाकडा राहू देत नाहीत." पण ते टाळ्यांत आणि हशात बुडालं, आणि डॉक्टर आठवडाभर काकांशी बोलले नाहीत.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी असते. लोक अनवाणी चालतात. रस्त्याच्या कडेला आमचं टेबल लागतं. फोड आलेल्या पायांना मलमपट्टी करायची. काकांना पट्टी बांधता येत नाही, तरी ते येतात. येऊन काय करतात? तर पाय वर धरून बसलेल्या भाविकाला, पट्टी बांधणाऱ्याचा परिचय करून देतात. "माउली, हे गांगुर्डे ड्रेसर. थोडक्यात सांगायचं तर यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते…" एक बाई कळवळून म्हणाली, "बाबा, आधी आयोडीन लावू द्या, मग त्यांचे वडील सांगा." काकांनी तिची पट्टी होईपर्यंत वाट पाहिली आणि वडील सांगितलेच.

या लांबणीवर एचआरच्या साहेबांनी उपाय काढला होता. काका माइकवर रंगले की साहेब खालून चिठ्ठी पाठवायचे. चिठ्ठीत एकच शब्द: "आवरा." काका ती न उघडता कागदाखाली सरकवायचे. वर्धापनदिनाच्या चिठ्ठीत दुसरं काही असूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्हीही हसायचो. कुणाच्या परिचयानं किती चिठ्ठ्या खाल्ल्या यावर त्या वर्षीच्या परिचयांचा दर्जा ठरायचा.

सहा वर्षांपूर्वी वर्धापनदिनाच्या आठवड्यातच नलिनीकाकू, म्हणजे काकांची बायको, आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर दाखल होत्या. काळजाचं दुखणं. मूलबाळ नाही, दोघंच एकमेकांना. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी त्यांना बरं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, काळजी नाही. काकूंनी स्वतः काकांना सदरा बदलायला लावला आणि खाली आवारातल्या मांडवात पाठवलं.

संध्याकाळी काका माझा परिचय वाचत असताना चिठ्ठी आली. त्यांनी ती नेहमीसारखी कागदाखाली सरकवली. माझं आजोळ, माझी शाळा, माझं ते "आई गं", सगळं सावकाश, नीट वाचलं. मला शाल घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढचा कागद काढताना चिठ्ठी उलगडली. त्यात सिस्टरनी लिहिलं होतं, "काकूंना बघायला लगेच वर या."

ते पोहोचले तेव्हा काकू गेल्या होत्या.

माझा परिचय दोन ओळींत संपला असता तर? हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही. काका मला कधी काही बोलले नाहीत. उलट पुढच्या वर्षी पुन्हा वही घेऊन हिंडू लागले, फक्त आता कसलीही चिठ्ठी आली की वाक्य अर्धवट सोडून ती आधी वाचायचे.

आणि तेव्हापासून त्यांनी एक हट्ट धरला. सिंधूबाई बेंडकुळे यांचा स्टेजवर सत्कार झाला पाहिजे, आणि त्यांचा परिचय आपणच वाचणार.

सिंधूबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी. हॉस्पिटल उघडलं तेव्हापासूनच्या. त्यांचे ठेकेदार बदलले, साडीचा रंग बदलला, मावशी तिथेच. पण ठेक्यावरच्या, म्हणून सत्काराच्या यादीत त्यांचं नाव बसेना. एचआरचे साहेब वाईट माणूस नव्हेत, पण दरवर्षी तेच म्हणायचे, "काका, त्या आपल्या स्टाफवर नाहीत हो." काका परिचयाचा कागद परत घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचे. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याचा हेका. मीसुद्धा एकदा म्हटलं, "काका, एवढं काय अडलंय?" तर म्हणाले, "अडलंय माझं."

यंदा मावशींच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आमच्याकडेच, बायकांच्या जनरल वॉर्डात ठेवलं. ज्या मजल्याच्या लाद्या पुसल्या त्याच मजल्यावर. आता त्या कामावर परत येणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं. काका साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले ते उठेनात. शेवटी साहेब म्हणाले, "बरं. मावशी नसल्या तरी चालेल, नाव घ्या. पण एक मिनिट."

काकांनी तो परिचय एका मिनिटात बसवायला तीन दिवस घेतले. माझ्या समोर बसून मोठ्यानं वाचायचे, मी मोबाईलवर वेळ बघायचे. शेवटची ओळ मात्र मला ऐकू देत नव्हते. ती मनात वाचायचे.

कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांना लवकर निघायचं होतं. झालं, काटछाट सुरू. काका माइकवर होते. चिठ्ठी आली. त्यांनी लगेच उघडून वाचली. "ठेक्यावरच्यांची नावं नकोत. सर्व सफाई कर्मचाऱ्यांचे आभार, एवढंच म्हणा."

काका म्हणाले, "थोडक्यात सांगायचं तर…" आणि थांबले. मांडवात लोक वाट बघत होते. मग त्यांनी कागदाची घडी घातली, माइक शेजारच्या सिस्टरच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून चालू लागले. साहेब मला म्हणाले, "अहो, बघा जरा त्यांना." मी मागे धावले.

लिफ्टची वाट न बघता काका जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेले. मी पोहोचले तेव्हा ते मावशींच्या खाटेशी ताठ उभे होते, स्टेजवर उभे राहतात तसे, आणि वाचत होते.

"सिंधूताई बेंडकुळे. आजोळ मुंगसऱ्याचं, जन्म गिरणाऱ्याचा. नवरा लवकर गेला. द्राक्षाच्या बागेत मजुरी करून दोन मुली वाढवल्या. या हॉस्पिटलात आल्यापासून ज्या पेशंटला भेटायला कुणी येत नाही, त्याच्या खाटेखालची लादी त्या दोनदा पुसतात. म्हणजे दोनदा बोलणं होतं."

शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. मावशींचं तोंड थोडं वाकडं झालं होतं, बोलणं जड, पण कळत होतं. त्या म्हणाल्या, "हे कोनाचं वाचता भाऊ?"

"तुमचं."

"येवढं हाय?"

"अजून आहे," काका म्हणाले. मग आवाज खाली आला. "नलिनी दामोदर खैरनार हिचा हात शेवटपर्यंत सिंधूताईंच्या हातात होता. मी खाली होतो."

मावशी उजवा हात हलवून म्हणाल्या, "ते नका लिहू. ते काय कामात धरत नाय."

"ताई, मी तिथं नव्हतो. तुम्ही होतात. सहा वर्षं झाली, हे मला चारचौघांत म्हणायचं होतं. मी नव्हतो."

काका रडत होते. मीही.

मावशींनी विचारलं, "त्या काय बोलल्या ते नाय लिहिलं?"

"काय बोलली?"

"तुम्ही कधी इचारलंच नाय. मला वाटलं, आपन होऊन कसं सांगावं."

"काय बोलली ती, ताई?"

"सिस्टरनं चिठ्ठी धाडली, तर काकू म्हनल्या, कशाला बोलावता त्यांना. खिडकी उघड म्हनल्या मला. खालून तुमचा आवाज येत होता. म्हनल्या, असू दे, बोलू दे. ऐकत पडते."

काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. कागद मांडीवर तसाच राहिला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

मावशींनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, खिडकीसकट.

"अजून एकदा," काका म्हणाले.