मराठे काकांचा चिकटा

समोरच्या ब्लॉकमधल्या मराठे काकांपुढे ‘गोंद’ म्हणायची सोय नाही. ‘पॉलिव्हायनिल मिथाइल ईथर म्हणा,’ असं ते जावयाची ओळख करून द्यावी तसं सांगतात. पाकीट, स्टिकर, औषधाची बाटली, काहीही हाती आलं की चिकटलेल्या कडेवर अंगठा दाबतात, उचलतात आणि निकाल देतात, ‘पकड आहे, पण स्वभाव नाही.’ माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेचं पाकीटही त्यांनी असंच नापास केलं.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत काकांनी तीस वर्षं लेबलांचा चिकटा बनवला. ते सुरू झाले की आपला चहा गार होणार हे ठरलेलं. ‘मुळात हा वायू. कडक गारठ्यात ठेवायचा आणि उत्प्रेरक थेंबाथेंबाने द्यायचा. घाई केलीत की तापतो, बिघडतो. जमला तर मधासारखा. आणि गार पाण्यात विरघळतो हो, पाणी तापवलं की पुन्हा वेगळा होतो. आहे की नाही तऱ्हेवाईक?’ मी काकांकडे बघून हो म्हणते.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. परवा त्यांच्या मेतकुटाच्या बरणीला तडा गेला म्हणून मी मदतीला गेलेले. जुनं लेबल काढायला गॅसवर पाणी ठेवलं. काकांनी येऊन गॅस बंद केला.

‘माझाच चिकटा आहे, गरम पाण्याने हे सुटायचं नाही, कागद फाटेल. अक्षर हिचं आहे. आता दुसरं मिळणार नाही.’

मी बरणी माठातल्या गार पाण्यात ठेवली आणि काका तासभर तिच्याजवळ स्टूल टाकून बसले. लेबल अख्खं सुटलं. ते वाळवून, मागे नवा चिकटा लावून त्यांनी नव्या बरणीवर ठेवलं आणि बरणी काकूंपुढे धरली.

‘सरळ आहे का गं?’

काकूंनी डाव्या हाताचं बोट जरा उजवीकडे झुकवलं. काकांनी लेबल सरकवलं. पुन्हा बोट, पुन्हा सरकवणं. काकूंचा चेहरा इतका जागा झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

चौथ्या वेळी लेबल अगदी सरळ बसलं. काकांनी काकूंकडे पाठ केली, ओल्या चिकट्यावर ते हळूच तिरकं केलं आणि पुन्हा काकूंपुढे धरलं.

‘आता बघ बरं.’