अभ्यंकर काकूंचा मकरोना

अभ्यंकर काकू लिफ्टमधून खिम्याचं पातेलं नेताना त्यावर झाकण ठेवत नसत.

शारजातल्या अल मजाजमधली आमची अकरा मजली बिल्डिंग. लिफ्ट एकच आणि तीही चार माणसांची. काकू सातव्या मजल्यावरून निघायच्या. अंगावर सुती पाचवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं पातेलं. त्यात पास्ता, खिमा, क्रीम आणि चीज. पाचव्या मजल्यावर गोखले वहिनी आत शिरल्या की लगेच नाकाला ओढणी लावायच्या.

"काकू, झाकण तरी ठेवा हो."

"का? चोरून आणलंय का मी?"

काकू सांगलीच्या, सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. काका समुद्रातल्या तेलाच्या रिगवर इंजिनिअर. अठ्ठावीस दिवस पाण्यात, अठ्ठावीस दिवस घरी. मूलबाळ नाही. मी लग्न होऊन शहाण्णव साली तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. दुसऱ्याच आठवड्यात काकूंनी माझ्या दाराची बेल वाजवली आणि पातेलं पुढे केलं.

"यात खिमा आहे?" मी घाबरत विचारलं. डोंबिवलीच्या आमच्या घरात अंड्यालासुद्धा वेगळा चमचा होता.

"आहे. मग?"

हे 'आहे. मग?' म्हणजे काकूंचं खास हत्यार. समोरच्याकडे पुढचा प्रश्नच उरायचा नाही. माझ्याकडेही उरला नाही. मी ताट आणलं, खाल्लं, आणि परत वाढून घेतलं.

तो पदार्थ करायला त्यांना वीस मिनिटं लागत. "एकविसाव्या मिनिटाला ताटावर बसायचं. ज्यांना रांधायला दिवस घालवायचाय त्यांनी घालवावा." एका गॅसवर मीठ घातलेलं पाणी, त्यात नळ्यांचा पास्ता. दुसऱ्या गॅसवर कांदा, भरपूर लसूण आणि खिमा. खिमा मोठ्या आचेवर, सारखा हलवत, गुठळी राहता कामा नये. मग मिरपूड, आणि सांगलीहून आणलेला कांदा-लसूण मसाला अर्धा चमचा. शेवटी डब्यातलं क्रीम आणि काचेच्या बरणीतलं चीज. त्या बरण्या संपल्या की तिकडे प्रत्येक घरात त्यांचे पाणी प्यायचे ग्लास व्हायचे. काकूंकडे असे एकोणतीस ग्लास होते. सगळं एकत्र केलं की गॅस बंद करून त्या म्हणायच्या, "खलास!"

आम्ही सगळे त्याला पास्ता म्हणायचो. त्या मात्र 'मकरोना' म्हणायच्या. का, ते सांगायच्या नाहीत.

मटणाच्या दुकानातला पठाण त्यांना अम्मा म्हणायचा. "भैया, चरबी कम. बिलकुल कम. कल का माल दिया तो मैं यहींच बैठूँगी," असं त्या सांगायच्या, आणि एकदा खरंच बसल्या होत्या, दुकानाच्या पायरीवर, पाऊण तास. पठाणानं शेवटी नवा बोकड सोलायला घेतला आणि अम्मासाठी चहा मागवला. तो मात्र त्यांनी नको म्हटला. दुकानदाराचा चहा घेतला की भांडता येत नाही म्हणे.

महिन्यातल्या एका शुक्रवारी बिल्डिंगमधली सात-आठ मराठी घरं एकत्र जेवायची. प्रत्येकीनं एक पदार्थ आणायचा. एकदा पाळी गोखल्यांच्या घराची होती. टेबलावर मटार-भात, भरली वांगी, श्रीखंड. काकू पातेलं घेऊन आल्या.

"विजयाताई, हे आमच्या टेबलावर नको," गोखले वहिनी म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा.

"टेबल तुमचंच आहे," काकू म्हणाल्या, "पण कॉरिडॉर काही तुमचा नाही."

त्या वळल्या, बाहेर गेल्या, लिफ्टशेजारी फरशीवर मांडी घालून बसल्या आणि पातेलं समोर ठेवलं. पाच मिनिटांत आतली सगळी पोरं ताटल्या घेऊन बाहेर. गोखल्यांची मृण्मयी सगळ्यात पुढे.

"काकू, मोअर चीज, प्लीज."

"मृण्मयी! आत ये!"

"मम्मी, आय ॲम ईटिंग!"

आत बारा मोठी माणसं श्रीखंड चाटत बसली होती. बाहेर हसण्याचा नुसता गोंधळ. माझा नवरा डोळ्यांनी 'नको, नको' करत होता, तरी मी उठले आणि काकूंच्या शेजारी फरशीवर जाऊन बसले. त्या दिवसापासून काकूंना बोलावणं बंद झालं. पुढच्या महिन्यात मलाही आलं नाही.

"तुला वाईट वाटलं?" काकूंनी विचारलं.

"थोडं."

"वाटू दे. थोड्यानं मरत नाही माणूस. मी यापेक्षा मोठं बोलावणं गमावलंय."

कुठलं, ते तेव्हा त्यांनी सांगितलं नाही. ते मला कळलं चार वर्षांनी, एका गुरुवारी. काका रिगवर होते. काकू माझ्याकडे आल्या त्या रिकाम्या हातांनी. असं कधीच होत नसे.

"उद्या दुपारी माझ्याकडे जेवायला ये. माझा दादा येतोय सांगलीहून. त्याच्या मुलाला अजमानला नोकरी लागलीय, त्याला बघायला आलाय. त्या पोरानंच फोन केला, आत्या, बाबांना तुला भेटायचंय. अठरा वर्षं बोललेला नाही माझ्याशी. मी त्याची माफी मागणार नाही. तू फक्त समोर बस. माणूस समोर असलं की माझा आवाज चढत नाही."

"माफी कशाची, काकू?"

मग त्यांनी सांगितलं. शारजाला येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. काका समुद्रात. घरात फोन नाही. सांगलीहून तार आली, आई गेली. तारही आठ दिवस उशिरा. पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी कुठल्यातरी ऑफिसात अडकलेला. अरबी येत नव्हतं, इंग्रजी बोलायची भीती. दोन दिवस त्या दार लावून स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होत्या.

"तिसऱ्या दिवशी समोरच्या दारातली इजिप्तची बाई आली. रडणं ऐकू जात होतं म्हणे तिला. एवढी धिप्पाड. मी तिला तार दाखवली. तिला काय वाचता येणार! पण तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि परत गेली. आली ती पातेलं घेऊनच. मला भिंतीला टेकवून बसवलं आणि हातानं भरवायला लागली. मकरोना, मकरोना म्हणत."

"तुम्हाला माहीत नव्हतं ना, त्यात काय होतं ते."

"होतं तर!" काकू उसळल्या. "पहिल्या घासालाच कळलं. सगळे मला हीच पळवाट देतात. अजाणता खाल्लं म्हण, गोमूत्र घे, सुटशील. मी जाणून खाल्लं. आईच्या सुतकात. पूर्ण पातेलं खाल्लं. आणि दादाला पत्रात तसंच लिहिलं, कारण विषय आईचा होता, त्यात खोटं कशाला? त्याचं उत्तर आलं, वर्षश्राद्धाला येऊ नकोस. या घरात तुझं आता काही नाही."

शुक्रवारी मी गेले तेव्हा ओट्यावर दोन कोऱ्या करकरीत स्टीलच्या पातेल्यांवरचे स्टिकर काकू नखानं खरवडत होत्या. आदल्या दिवशी बाजारात जाऊन पातेली, झारा, ताट, वाट्या, सगळं नवं आणलं होतं. त्यात दादांसाठी वरण-भात आणि बटाट्याची भाजी व्हायची होती.

"माझ्या भांड्यांत जेववलं असं त्याला वाटायला नको," त्या म्हणाल्या. "पण मकरोनापण होणार. टेबलाच्या मधोमध ठेवणार."

आणि ठेवला.

दादा आले. सत्तरीचे, बारीक, एसी सोसत नाही म्हणून शर्टावर स्वेटर. सोबत त्यांचा मुलगा निखिल. पाणी झालं, अजमानच्या रस्त्यांवर बोलणं झालं. सगळे टेबलाशी बसले. दादांनी मधल्या पातेल्याकडे पाहिलं.

"हेच का ते, विजू?"

"हेच."

निखिलनं हळूच मोठा चमचा घेतला आणि स्वतःच्या ताटात मकरोना वाढून घेतला. काकूंनीही वाढून घेतला. दादांनी भातावर वरण ओतलं. चौघंही एकाच टेबलावर मान खाली घालून जेवत होतो.

"त्या दिवशी तुला दुसरं काही मिळालं नसतं?" दादांनी मान वर न करता विचारलं.

"मिळालं असतं. खाली दुकानात पाव होता, केळी होती." काकूंचा आवाज चढला नाही. "भरवायला कुणी मिळालं नसतं."

दादांचा हात थांबला. मग त्यांनी उरलेला भात संपवला, उठले, हात धुतले, टॉवेलला पुसले.

"कुठं राहायची ती?"

"समोरच. कधीच गेली परत. आता केरळचे लोक राहतात."

दादा दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेले. समोरच्या बंद दारापुढे अनवाणी उभे राहिले आणि देवळात जोडतात तसे त्यांनी हात जोडले. नेमकं तेवढ्यात ते दार उघडलं. कचऱ्याची पिशवी हातात घेतलेला केरळी गृहस्थ हात जोडलेल्या म्हाताऱ्याकडे बघतच राहिला. मग पिशवी खाली ठेवून त्यानंही घाईघाईनं हात जोडले.

दादा परत आत आले आणि खुर्चीवर बसले.

"नाव काय होतं तिचं?"

"उम्म करीम म्हणायचे. करीमची आई. खरं नाव मी कधी विचारलंच नाही रे."

टेबलावरचं कुणीच आवरायला घेतलं नव्हतं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सबंध बिल्डिंगला तोंड देणारी ती बाई जे बोलली, ते मला नीट ऐकूही आलं नाही, इतकं हळू होतं.

"दादा, आईनं शेवटचं काय खाल्लं होतं?"

"मऊ भात," दादा म्हणाले. "मेतकूट-तूप घालून. दोनच घास खाल्ले. मग विचारलं, विजू जेवली असेल का रे तिकडे."

मी निखिलला खूण केली आणि आम्ही दोघं ताटं उचलून आत गेलो.