चुना लावू नये

शेजारच्या बाई महिनाभर मुलीकडे निघाल्या आणि त्यांच्या बागेची किल्ली मुद्रितशोधकांच्या हातात आली. सोबत चिठ्ठी होती. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सूचना क्रमांक घालून लिहिलेल्या. लाल ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलझाडाला साठवलेलं पावसाचंच पाणी घालावं. मुळाशी खणू नये. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हलवू नये. आणि शेवटची, खाली दोन रेघा मारलेली : चुना लावू नये.

मुद्रितशोधकांनी उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते. चिठ्ठीत एकही चूक सापडली नाही म्हणून ते आधीच खट्टू झाले होते. त्यात हे वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं.

"वाचलंस? मी यांना फसवणार! इथे राहायला येऊन वर्ष नाही झालं, अन् मी लबाड ठरलो!"

"अहो, झाडाबद्दल असेल काहीतरी," बायको म्हणाली.

"झाडाला कोण फसवतं?"

मुद्रितशोधकांनी ठरवलं, आपण किती सज्जन आहोत ते या बाईंना दाखवायचंच. झाडामागची उंच भिंत शेवाळानं काळी पडली होती. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी पांढरीशुभ्र करून दिली. बादलीत चुना कालवताना चिठ्ठीतला तो शब्द आठवून त्यांचा पारा आणखी चढला, एवढंच. उरलेलं चुन्याचं पाणी वाया कशाला घालवायचं, म्हणून बुंध्याशी ओतलं.

दोन आठवड्यांत पानं पिवळी पडली. मुद्रितशोधक एक पान खिशात घालून रोपवाटिकेत गेले. माळ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"चुना लावलात ना?"

"तोंड सांभाळा! आयुष्यात कुणाला लावला नाही!"

"अहो, झाडाला! याला आंबट माती लागते. चुना म्हणजे विषच."

मुद्रितशोधकांच्या पायाखालची जमीन सरकली. पस्तीस वर्षं शब्द वाचले, आणि एक साधं वाक्य वाचता आलं नाही! पण ऐकलं त्यातलंही त्यांनी 'आंबट' तेवढंच धरलं. घरी येऊन बायकोची व्हिनेगरची अख्खी बाटली त्यांनी झाडाच्या मुळाशी रिती केली. उरलीसुरली पानंही गळाली.

शेवटी माळ्याकडूनच तेवढंच एक झाड आणलं, कळ्यांनी भरलेलं. माती बदलली, पालापाचोळा होता तसा पसरला आणि मेलेलं झाड गुपचूप हलवलं. आता बाईंनी ओळखलं नाही म्हणजे मिळवली.

बाई परतल्या त्या दिवशी झाड लालबुंद फुललं होतं. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"भाऊ, काय निगा राखलीत हो!"

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे आठ दिवस बाई गल्लीभर त्यांचं कौतुक करत फिरल्या. फाटक उघडून माणसं बोलावून दाखवू लागल्या. मुद्रितशोधक कोपऱ्यावरच्या दुकानात जायचेही बंद झाले. मग बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांचा निरोप आला : रविवारी, त्याच झाडापाशी, भाऊंचं व्याख्यान.

रविवारी ते तासभर आधीच जाऊन बाईंसमोर उभे राहिले. बाई खुर्च्या पुसत होत्या.

"बाई, हे झाड तुमचं नाही. तुमचं मी मारलं. आधी चुन्यानं, मग व्हिनेगरनं. मला तोंड दाखवायला जागा नाही."

बाईंचं फडकं थांबलं.

"माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं."

"कसं?"

"माझं पांढरं फुलायचं."

"पण तुम्ही तर लाल म्हणून..."

"लाल म्हणूनच घेतलं होतं. गल्लीभर सांगूनही बसले. फुललं ते पांढरं! फसले म्हणायची लाज वाटली. भिंत उंच, सात वर्षं कुणाला बोलवलं नाही, खपून गेलं." बाई खाली बघून म्हणाल्या, "तुम्ही लाल लावलंत अन् मी गप्प बसले. तुमची अवस्था दिसत होती हो, पण गप्प बसले."

"मग आता?"

इतक्यात फाटक वाजलं. अध्यक्ष मंडळींसह आत आले आणि झाडापाशी थबकलेच.

"वा, बाई! सात वर्षं ऐकत होतो, आज पाहिलं. आणि भाऊ, धन्य आहे तुमची! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांच्याही माना खाली गेल्या, कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बघा, बघा," अध्यक्ष मंडळींना म्हणाले, "याला म्हणतात विनय."