बसला वळसा घालून ऑफिसला

रोज सकाळी पावणेनऊला माझा दादा बसच्या मागच्या दाराने खाली उतरतो, दाराला कुलूप लावतो, डबा हातात घेतो, बसला वळसा घालतो आणि पुढच्या दाराने त्याच बसमध्ये चढतो. याला तो ऑफिसला जाणं म्हणतो. बसचा मागचा अर्धा भाग घर आणि पुढचा ऑफिस, मधे प्लायवूडची भिंत. नऊला पाच मिनिटं कमी असली तर तो बाहेर झाडाखाली उभा राहतो. "ऑफिस उघडायचंय अजून," म्हणतो. किल्ली त्याच्याच खिशात असते.

बस एका शाळेची, जुनी, पिवळी. दादाने ती घेतली आणि सीटा काढून आत कॉट, ओटा, टेबल बसवलं. उभी केली ती शहराबाहेर, वासण्याच्या पुढे, रमणभाईंच्या आंब्यांच्या आणि रायणींच्या वाडीत. वहिनी गेल्यावर वर्षभर तो मिलिंदकडे, म्हणजे त्याच्या मुलाकडे, शहरात अकोट्याच्या फ्लॅटमध्ये राहिला होता. बस पाहून मिलिंदने कपाळाला हात लावला. वैतागला की तो गुजरातीत बोलतो. "पप्पा, लोको शुं कहेशे?"

"म्हणू देत. तुझ्या खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते. मला झाड दिसलं पाहिजे."

दादाने तीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले. रिटायर झाल्यावर सयाजीगंजात पोराटोरांच्या क्लासात बसून कॉम्प्युटर शिकला. आता पुण्याची एक कंपनी त्याला घरांचे नकाशे देते, तो ते बसमध्ये काढतो आणि इंटरनेटने पाठवतो. नेटची ती बोटाएवढी कांडी वाडीत खाली चालत नाही, म्हणून लांब वायर लावून ती बांबूच्या टोकाला बांधली आहे. तिच्यावर माकडांचा डोळा. रमणभाई शेतातून ओरडतात, "दादा, तमारी ऑफिसमां वांदरो आव्यो!"

दादा आतून विचारतो, "वेळ घेतली आहे का त्याने?"

ऑफिस म्हटल्यावर मस्टर आलं. दादा रोज सही करतो आणि उशीर झाला तर स्वतःच्याच सहीखाली लाल रेघ मारतो. एकदा ताप भरला, तर त्याने रजेचा अर्ज लिहिला, वाचला आणि नामंजूर केला. शाल पांघरून कामाला बसला. मी रागावले, तर म्हणाला, "काय करणार? साहेब कडक आहेत." ऊन फिरलं की तो बस आंब्याखालून रायणीखाली नेतो. त्याला बदली म्हणतो. बदलीच्या आदल्या दिवशी रमणभाईंना निरोपाचा चहा देतो आणि दुसऱ्या दिवशी वीस पावलांवरून त्यांनाच राम राम करतो.

मी दर गुरुवारी पुरणपोळी नाहीतर वांग्याची भाजी-भाकरी घेऊन जाते. दादाला मी एकटीच बहीण. मी चौथी झाले तेव्हा आई अंथरुणाला खिळली. घर बघायला कुणीतरी हवं होतं. माझा शाळेचा दाखला आणायला वडिलांनी दादालाच पाठवलं. तेव्हा तो सातवीत होता. दाखला आणून त्याने कोनाड्यात ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावलाय.

जेवण झालं की तो झाडाखाली माझ्या मांडीवर एक नकाशा पसरतो. "सुमे, चाल बघू या घरातून." मग मी बोटाने चालते. दारातून आत, स्वयंपाकघरात, मोरीत, जिन्यावर. जिथे अडखळते तिथे सांगते. "दादा, भरली घागर घेऊन बाई या जिन्यावर चढली तर डोकं आपटेल." तो लगेच वहीत लिहितो. मला वाटायचं, माझं मन रमावं म्हणून हे चाललंय.

ऑफिसात मात्र मी कधी गेले नव्हते. कामाशिवाय कुणी यायचं नाही, असा नियम होता.

मग मागच्या थंडीत पुण्याहून निरोप आला, साहेब ऑफिस बघायला येणार. दादाने कंपनीला पत्ता कळवला होता, पण ऑफिसला चाकं आहेत हे कळवलं नव्हतं. मिलिंदने स्पष्ट सांगितलं, "काम गेलं तर बस विकायची आणि घरी यायचं. मला रोज काळजी नाही झेपत, पप्पा." दादा हो म्हणाला. त्या आठवड्यात त्याने बस तीनदा धुतली.

साहेब आले तो गुरुवार होता. तिशीतला मुलगा, बूट चकचकीत. मी मागे चहा ठेवत होते, दार उघडं होतं, म्हणून त्यांनी तिथेच पायरीवर पाय ठेवला. मी पदर घेऊन कोपऱ्यात सरकले. पुढून दादाचा आवाज आला, "साहेब, ते राहतं घर आहे. ऑफिसला पुढून यावं."

मी मनात म्हटलं, गेलं काम.

साहेब पुढून गेले. प्लायवूडमधून सगळं ऐकू येत होतं.

"काका, लाईट गेली तर?"

"बसची बॅटरी आहे."

"पावसाळ्यात?"

"उंचावर बदली होते."

साहेब म्हणाले, "खरं सांगतो, झाडाखाली ऑफिस चालतं हे पुण्यात कुणाला पटणार नाही. पण नकाशांबरोबर तुम्ही टिपणं पाठवता ना? दार उघडलं तर ओट्यावरच्या कुकरला लागेल, घागरवाल्या बाईचं डोकं आपटेल. ती कोण काढतं?"

"आमचे तपासनीस."

"स्टाफ किती आहे?"

"दोन."

माझ्यासमोर दूध उतू गेलं. तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली.

"सुमनताई, जरा ऑफिसात या."

दादा मला जन्मात अहो म्हणाला नव्हता. मी म्हटलं, "इथूनच सांग ना."

"पुढून यावं."

मी मागून उतरले. कुलूप लावायला विसरले नाही. बसला वळसा घातला आणि पुढच्या दाराने चढले. साहेब उठून उभे राहिले.

"ताई, आमच्याकडे सगळे शिकलेले आहेत. कुकर एकाच्याही लक्षात आला नाही. ऑफिस कुठेही असू दे काका, काम चालू राहील. पण ही टिपणं थांबता कामा नयेत."

मी म्हटलं, "मी चौथीच झालेय."

साहेब चहा घेऊन रमणभाईंबरोबर रायणी बघायला उतरले. दादाने मस्टर माझ्यापुढे सरकवलं. "आज गुरुवार. सही करा. इतके दिवस मीच हजेरी लावत होतो, ते नियमात बसत नाही."

मी पानं उलटली. पहिलं नाव माझं, त्याखाली त्याचं. बस वाडीत आली तेव्हापासून प्रत्येक गुरुवारी माझ्यापुढे दादाच्या अक्षरात 'हजर'. मधे तीन गुरुवारी 'रजा, मंजूर'. पावसात माझा गुडघा सुजला होता, तेच तीन. आणि त्याच तीन दिवशी खाली दादाच्या नावापुढेही रजा. तापात स्वतःला रजा न देणाऱ्या माणसाच्या नावापुढे. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ऑफिसात कुणी नव्हतं.'

दादा खिडकीतून माकडं बघत होता.

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वेळ लागला. पेनचं टोपण तोवर त्याने हातात धरून ठेवलं होतं.