साखरपुड्याच्या साडीवर लाल खडू

हर्षदाच्या साखरपुड्याच्या दिवशी मालतीबाईंना धास्ती होती ती फक्त नवऱ्याच्या बोटांची. पंडितराव सव्वीस वर्षं पांडेसऱ्याच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये चेकर होते. छापलेलं कापड पुढ्यातून सरकायचं. कुठे डाग, कुठे भोक, कुठे छपाई हललेली दिसली की तिथे लाल खडूने फुली मारायची. हे काम मिलमध्येच राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण हा माणूस लग्नाला गेला की नवरीचा पदर चिमटीत धरायचा आणि मयताला गेला की वरच्या पांढऱ्या कापडाचा पोत बघायचा. बायकोने तोंड तरी कुठे लपवायचं?

"मी तुमले हात जोडस," हॉलच्या दारातच मालतीबाईंनी बजावलं. "आज कोनाच कपडाले हात लावू नका."

"वाईटले वाईट म्हणू नही का?"

"एक दिन नका म्हणू."

त्यांनी नवऱ्याच्या नव्या शर्टाच्या खिशातून खडू काढून घेतला. पँटचा खिसा तपासायचं राहून गेलं. सकाळपासून त्या बाईला कामं काय थोडी होती?

पाहुणे कामरेजहून वेळेवर आले. मुलगा सागर शांत, नोकरीला लागलेला, आणि मुख्य म्हणजे हर्षदाला मनापासून आवडलेला. त्याच्या आई सरस्वतीबाई मात्र एक प्रकरण होतं. त्यांच्या घरी पाणीसुद्धा ब्रँडेड पितात, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आज ओटीचं ताट घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि साऱ्या लिंबायत वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साडी मुंबईच्या डिझायनरची आहे. सागरने खास मागवली. बेचाळीस हजार. मी म्हटलं, होऊ दे खर्च, आमच्याकडे डुप्लिकेट चालत नाही."

साडी मुलीला नेसायला देण्याआधी ताट वडीलधाऱ्यांपुढे फिरवायची पद्धत होती. वडीलधाऱ्यांनी बघून मान डोलवायची, बस्स. ताट पंडितरावांपुढे आलं. त्यांनी घडी उलगडली, काठ उलटा केला, कापड दोन बोटांत चोळलं आणि मालतीबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाहून पोचेपर्यंत लाल फुली मारून मोकळे झाले.



"हे काय केलं व्याहीबुवा?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"सेकंड आहे, डागी माल," पंडितराव शांतपणे म्हणाले. "पानाची रेघ दोन सूत सरकली. आमच्याच मिलची आहे. व्यापारी पार्टीने डिझायनरच्या साडीचा फोटो मोबाईलवर आणला, त्यावरून चार हजार साड्या काढल्या. रेशीम नाही हे, पॉलिएस्टर आहे."

"म्हणजे माझ्या मुलाने नकली आणली?"

"मुलाचं नाही बोललो, मालाचं बोललो. कोणीतरी डोळे फोडून नक्षी काढायची आणि दुसऱ्याने फोटोवरून छापायची, तर तो चोरीचाच माल झाला ना?"

"आणि तो छापतं कोण?"

"मी छापत नाही. मी चेक करतो."

"अच्छा. म्हणजे चोरी नीट झाली की नाही, ते बघायचा पगार घेता तुम्ही."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पंडितरावांना सव्वीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. सरस्वतीबाईंनी ताट खाली ठेवलं. "सागर, चल. चारचौघांत आपल्याला चोर म्हणणाऱ्या घरची मुलगी नको मला."

सागर पांढराफटक पडला होता. हर्षदा आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मालतीबाई नवऱ्याच्या कानाशी आल्या आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "पोरना साखरपुडा मोडना ना, तर त्या मिलमाच ऱ्हायजा. घर येऊ नका."

पंडितरावांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी साडी पुन्हा उचलली, पुन्हा चोळली आणि चष्मा पुसला.

"माझी चूक झाली, विहीणबाई," ते म्हणाले. "साडी असली आहे. आम्ही हिचीच नक्कल छापली होती, म्हणून घोटाळा झाला."

"आणि ती सरकलेली रेघ?"

"ती... डिझायनर लोक मुद्दाम सरकवतात. हाताचं काम वाटावं म्हणून."

सरस्वतीबाईंनी एकदा साडीकडे, एकदा लोकांकडे पाहिलं. "तेच म्हटलं मी," त्या म्हणाल्या आणि ताट पुन्हा उचललं. अंगठ्या झाल्या, पेढे वाटले गेले, मालतीबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण पंडितरावांची सुटका कुठली व्हायला? ते जेवायला बसतात न बसतात तोच शेजारच्या शोभाबाई पदर पुढे करून आल्या. "भाऊ, ही बघा ना. दुकानदार असली म्हणतो, जाऊबाई नकली म्हणतात." जाऊबाई मागेच उभ्या होत्या. पंडितरावांनी न बघताच असली म्हणून टाकलं, कारण समोर वरणभात निवत होता. हे ऐकून आणखी दोघी आल्या. मग पर्स आल्या, घड्याळं आली, एकजण पायातला बूट काढून घेऊन आला. सव्वीस वर्षांत कोणाला बोट ठेवायला जागा दिली नव्हती त्या माणसाने, आणि आता अर्ध्या तासात त्याने सगळं लिंबायत असली करून टाकलं. ताटातला भात तसाच राहिला.

शेवटी तीच साडी नेसून हर्षदा आली. तिने आजूबाजूला कोणी नाही ना, ते पाहिलं.

"पप्पा, मला खरं सांगा. असली आहे का?"

पंडितरावांना भरून आलं. निदान हिला तरी खरं ऐकायचं होतं. "नाही गं बेटा. सोळाशेच्या वर नाही जाणार. पण तुला शोभते. सागरला काही बोलू नकोस, फसला असेल बिचारा."

"फसला नाही. आम्ही दोघं बाजारात गेलो होतो, पसंत मीच केली. त्याच्या आईंना बेचाळीस हजार सांग, असंही मीच म्हटलं."

"म्हणजे त्या पोराला खोटं बोलायला तू शिकवलं?"

"हो," हर्षदा त्यांच्या ताटात गरम भात वाढत म्हणाली. "त्याला शिकवायला आठ दिवस लागले, पप्पा. तुम्हाला एका मिनिटात जमलं."